तात्यांची सही आणि माझा परवाना

मार्च 2023 मध्ये तात्या म्हणाले, "औंदा परवाना नवा करत न्हाई मी. डोळ्याला धड दिसत न्हाई, आन् न बघता सही मारायची आता भीती वाटती."

तात्या म्हणजे आमच्या गावातले जुने परवानाधारक प्लंबर. माझे नातेवाईक नाहीत, गुरू म्हणा हवं तर. मी दहावीनंतर त्यांच्या हाताखाली लागलो, नंतर स्वतःची कामं घेऊ लागलो, पण नगरपालिकेची नवी नळजोडणी आली की फॉर्मवर सही तात्यांचीच. खड्डा माझा, पाइप माझा, घाम माझा आणि सही त्यांची. एका सहीचे तीनशे. पहिली काही वर्षं ते खड्ड्याशी येऊन उकिडवे बसून सांधा बघायचे, मगच सही करायचे. पुढे पुढे घरीच फॉर्म नेऊन द्यायचो. अकरा वर्षं हे असंच चाललं आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं, लहान नगरपालिकेचं. साताऱ्यापासून मोटरसायकलवर पाऊण तास. नाव लिहीत नाही, कारण पुढे ऑफिसातल्या काही गोष्टी येतील आणि मला रोज तिथेच जायचं असतं.

तात्या थांबल्यावर गावात दोन परवानाधारक उरले. एकाने सहीचे आठशे सांगितले. दुसरा म्हणाला, "दुसऱ्याच्या कामावर मी सही करत नाही." तेव्हा राग आला होता. आता वाटतं, त्याचंच बरोबर होतं. एप्रिलमध्ये एका गिऱ्हाइकाची फाइल सहीवाचून तीन आठवडे पडून राहिली आणि त्यांनी काम दुसऱ्याला दिलं. त्या रात्री बायको म्हणाली, "तुम्हीच का काढत नाही परवाना?" मी म्हटलं, वय बघ. ती म्हणाली, "वय परवान्याला लागतं की कामाला?"

सुरुवातच चुकली. माझा मेहुणा वायरमन. त्याचा तारतंत्री परवाना राज्याच्या अनुज्ञापक मंडळाचा, महाराष्ट्रात कुठेही चालतो. त्यामुळे माझ्या डोक्यात पक्कं की प्लंबरचाही असाच राज्याचा परवाना असणार. एका कॉम्प्युटर सेंटरवाल्याने "राज्याचं प्लंबर लायसन्स काढून देतो" म्हणून सातशे रुपये घेतले आणि चार दिवसांनी एक रंगीत कागद हातात दिला. मी लॅमिनेशनही करून घेतलं. तो कागद घेऊन नगरपालिकेत गेलो तर पाणीपुरवठ्याचे क्लार्क हसले. ती दुकान-आस्थापनेची नोंद होती, ज्याला आपण शॉप अ‍ॅक्ट म्हणतो. कुणीही धंदा काढला की करतो ती. प्लंबिंगशी तिचा काही संबंध नाही. हीच गोष्ट उद्यम नोंदणीची. ती सरकारी पोर्टलवर फुकट होते आणि तीही परवाना नव्हे.

खरा प्रकार असा आहे. नळजोडणीच्या कामासाठी प्लंबरला परवाना देते ती पाणी पुरवणारी स्थानिक संस्था, म्हणजे नगरपालिका किंवा महानगरपालिका. तो तिच्या हद्दीपुरताच. आमच्या पालिकेचा परवाना सांगलीत चालणार नाही, सांगली-मिरज-कुपवाडचा आमच्याकडे नाही. साताऱ्यातही शहराला पाणी नगरपालिकेचं आणि उपनगरांत बऱ्याच ठिकाणी जीवन प्राधिकरणाचं, म्हणजे राज्याच्या पाणीपुरवठा संस्थेचं. मग ज्याची लाइन त्याच्याकडे चौकशी. राज्यभर, खरं तर देशभर चालतं ते शिक्षणाचं प्रमाणपत्र. तो कागद एकदा हातात आला की त्याच्या जोरावर जिथे काम करायचं तिथला परवाना मागता येतो. एवढं समजायला मला दोन महिने आणि सातशे रुपये लागले.

क्लार्कनी कागदाच्या मागे लिहून दिलं: आयटीआय प्लंबर किंवा समकक्ष, अनुभवाचा दाखला, रहिवासाचा पुरावा, थकबाकी नसल्याचा दाखला, तीन फोटो. 'समकक्ष' म्हणजे काय, हे विचारल्यावर "तुम्ही आणा, मग बघू" असं उत्तर. राज्याच्या कौशल्य मंडळाचे सहा महिन्यांचे कोर्स आहेत, अनुभवी कारागिराची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देणारी आरपीएल नावाची सोय आहे, हे मला पुढे कळलं. पण "आणा, मग बघू" या शब्दांवर सहा महिने घालवायची हिंमत नव्हती. तुमच्याकडे असा कोर्स करायचा असेल तर तो परवान्याला चालतो का, हे पाणीपुरवठा विभागाला आधी लेखी विचारा. मी आयटीआयच धरलं.

आयटीआयला वयाची वरची मर्यादा नाही. चौदा वर्षं पूर्ण हवीत, एवढंच. ही गोष्ट इतक्या कमी लोकांना माहीत आहे की मी ज्याला ज्याला सांगितली त्याला खोटी वाटली. प्लंबर ट्रेड एक वर्षाचा. जून 2023 मध्ये व्यवसाय शिक्षण संचालनालयाच्या पोर्टलवर अर्ज भरला, दीडशे रुपये फी. दहावीचं गुणपत्रक 2005 चं, 51 टक्के, घडीवर फाटलेलं. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वडिलांच्या नावापुढे 'राव' आहे आणि आधारवर नाही. कागदपत्रं तपासणारे सर म्हणाले, "आत्ता घेतो, पण पुढे जाचेल हे." म्हणून त्याच आठवड्यात आधार दुरुस्त करून घेतलं. तुमच्याही कागदांत असा 'राव', 'बाई' किंवा 'पंत' मागेपुढे होत असेल तर अर्जाच्या आधीच मिटवा.

पहिल्या दोन फेऱ्यांत नंबर लागला नाही. तिसऱ्या फेरीचा मेसेज आला तेव्हा मी एका अपार्टमेंटच्या डक्टमध्ये उभा होतो, हातात पाइप चिकटवायच्या सोल्युशनचा डबा. फी आणि अनामत मिळून अडीच हजारांच्या आत भागलं. गणवेश, सेफ्टी शूज आणि वह्या यांचे आणखी दोन-अडीच हजार. खरा खर्च वेगळाच आहे. रोजची अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते. माझी साधारण सहाशे रुपये. दोनशे दिवस धरले तर एक लाख वीस हजार होतात. हा आकडा मी आधी मांडला नव्हता. मांडला असता तर कदाचित गेलोच नसतो.

ऑगस्टमध्ये साताऱ्याच्या शासकीय आयटीआयत, मोळाच्या ओढ्याला, पहिल्या दिवशी वर्गात शिरलो तर पोरं उभी राहिली. त्यांना वाटलं मी निदेशक, म्हणजे शिकवणारे सर. चोवीस जणांची तुकडी. माझ्यानंतरचा सगळ्यात मोठा एकोणीस वर्षांचा. दोन दिवस "काका", मग "दादा" आणि दिवाळीपर्यंत नुसतं टोपणनाव. सकाळची पाळी करायची, दुपारी परत येऊन कामं. जेवण मोटरसायकलवरच्या पिशवीत. ऐंशी टक्के हजेरी लागते, नाहीतर परीक्षेला बसता येत नाही, आणि तिथे गिऱ्हाइकाचं कारण चालत नाही. लग्नसराईत घरोघरी रंग आणि नळ एकाच वेळी निघतात. तेव्हा चार मोठी कामं सोडली.

मला वाटत होतं, मला शिकवण्यासारखं काय असणार? हा समज तिसऱ्या दिवशी गेला.

सरांनी अर्धा इंची जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी, पाइपचा तुकडा व्हाइसमध्ये धरला आणि मला आटे पाडायला सांगितले. मी चौदा वर्षं आटे पाडायची डाय फिरवतोय. झोकात पाडले. सरांनी एल्बो, म्हणजे पाइपचा काटकोनी जोड, हातात घेतला आणि लावून बघितला. हाताने पार शेवटपर्यंत गेला. ते काही बोलले नाहीत. दुसरा तुकडा घेतला, करवतीने कापला, आतली उभी राहिलेली कड रीमरने काढली, तेल सोडलं, डाय अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. पुढे, मागे. चुरा खाली पडताना आवाज बदलतो, तो ऐकायचा. मग एल्बो लावला. चार आटे हाताने गेला आणि अडकला. पुढचा दीड फेरा पाइप पान्याने. "आटे निमुळते असतात," सर म्हणाले. "शेवटी घट्ट होतात म्हणूनच पाणी अडतं. तुम्ही डाय जास्त आत नेलात. आटे सरळ झाले आणि मग पाणी टेफलॉनने अडवत बसता." अर्ध्या इंचीला एका इंचात 14 आटे, एक इंचीला 11, हे मला तोंडपाठ होतं. ते निमुळते का असतात, हे मी कधी विचारलंच नव्हतं. माझ्या कामांत टेफलॉनचे पंधरा-पंधरा वेढे का लागत होते, ते त्या दिवशी समजलं.

अशा बऱ्याच गोष्टी निघाल्या. गटाराच्या लाइनचा ढाळ मी डोळ्याने देत होतो आणि जास्त ढाळ म्हणजे चांगला ढाळ असं समजत होतो. चार इंची लाइनला चाळीस फुटाला एक फूट, सहा इंचीला साठला एक. त्याहून फार जास्त दिला तर पाणी पळून जातं आणि घाण मागे राहते. गावातली दोन घरं आठवली, जिथे मला वर्षातून दोनदा चोकअप काढायला बोलवायचे. ती लाइन मीच टाकली होती. नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे मोरीच्या जाळीखालच्या वाडग्यात, 50 मिलिमीटर पाणी का उभं राहावं लागतं, ते पाणी सुकलं की बंद घरात वास का येतो, हेही तिथेच उलगडलं.

दाबाचा धडा मला सगळ्यात आवडला. दहा मीटर उंचीच्या पाण्याला साधारण एक किलो दाब. सरांनी खिडकीतून यवतेश्वरच्या बाजूला बोट दाखवलं. "कास तलावाचं पाणी वरून साताऱ्यात येतं ते उताराच्या जोरावर. तुमच्या गच्चीवरची टाकी वरच्या मजल्याच्या शॉवरपेक्षा किती उंच आहे? दीड मीटर. मग शॉवरला धार कुठून येणार?" आता गिऱ्हाईक वरच्या मजल्याच्या शॉवरवरून मला बोललं की मी कास सांगतो. पटतंच असं नाही.

अवघड गेलं ते ड्रॉइंग. पाइपांचं तिरकं चित्र, ज्याला आयसोमेट्रिक म्हणतात, ते माझ्या हाताला येईना. प्रत्यक्षात डोळे मिटून जोडीन, पण कागदावर एल्बो कुठे वळतो तेच कळेना. शेजारी बसणाऱ्या सतरा वर्षांच्या पोराने शिकवलं. बदल्यात मी त्याला रविवारी कामावर न्यायचो. गणितही थोडं रडवणारं, पण तिथे धंदा कामी आला. माणशी 135 लिटर धरलं तर पाच माणसांना 675, म्हणजे हजाराची टाकी, म्हणजे स्लॅबवर एक टन वजन. हे उदाहरण परीक्षेच्या आदल्या दिवशी मी पोरांना चहाच्या टपरीवर समजावलं होतं.

जुलै 2024 च्या शेवटी प्रॅक्टिकल, ऑगस्टमध्ये कॉम्प्युटरवरची परीक्षा. प्रॅक्टिकलला साठ टक्के लागतात, लेखीला तेहतीस. लेखीत 75 प्रश्न, दोन-दोन गुणांचे, समोर चार पर्याय. सरावासाठी भारत स्किल्सच्या संकेतस्थळावर प्रश्नसंच आहेत, ते दोनदा करा. नळ, झडपा आणि पाइप यांच्यापेक्षा रोजगारक्षमता कौशल्यांचे प्रश्न मला जड गेले. बायोडेटा कसा लिहावा, ईमेलमध्ये काय लिहावं. माऊस हाताळायची सवय नसेल तर आधी कुठेतरी बसून करून बघा. माझा पहिला प्रश्न चुकला तो उत्तर येत नव्हतं म्हणून नाही, मी भलत्याच गोलावर टिचकी मारली म्हणून.

निकाल गणपती उठल्यावर बघितला. पास. टक्के सांगण्यासारखे नाहीत. मोती चौकातून पाव किलो कंदी पेढे घेतले आणि थेट तात्यांकडे गेलो. त्यांनी पेढा तोंडात टाकला आणि विचारलं, "आता अर्ज कधी?"

अर्ज आणि अनुभवाचा दाखला यांत सगळ्यात जास्त वेळ गेला, म्हणून ते जरा सविस्तर लिहितो.

प्लंबर परवाना ही लोकसेवा हक्काखाली येणारी सेवा आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 चा. नगरपालिकेत पाणीपुरवठ्याच्या सेवांची जी यादी लावलेली असते, त्यात नवीन नळजोडणी, थकबाकी नसल्याचा दाखला यांच्या शेजारी 'प्लंबर परवाना' आणि 'प्लंबर परवाना नूतनीकरण' अशा दोन ओळी असतात. पुढे मुदत, अधिकारी आणि अपील कुणाकडे ते लिहिलेलं असतं. मी त्या बोर्डाखाली बाकावर चौदा वर्षं बसलो असेन, एकदाही वाचला नव्हता. अर्ज दिला की तारखेची पोच मिळायला हवी, मुदत तिथून मोजतात. मी पहिल्यांदा सप्टेंबरच्या शेवटी अर्ज दिला तो ओळखीच्या माणसाच्या हातात, पोच न घेता. आठवड्याने गेलो तर अर्ज सापडेना. कुणी मुद्दाम केलं असं नाही, टेबलं बदलली होती. पण पोच नाही म्हणजे अर्जच नाही. 9 ऑक्टोबर 2024 ला, बुधवारी, पुन्हा सगळा संच दिला, आवक क्रमांक घेतला, त्याचा मोबाइलवर फोटो काढला.

प्रतिज्ञापत्रासाठी बाहेरच्या टायपिस्टने शंभरच्या स्टॅम्पचे एकशे ऐंशी मागितले. मी देणारच होतो. मागे उभ्या एका वकिलीणबाईंनी सांगितलं, सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला 2004 पासून मुद्रांक माफ आहे, साधा कागद चालतो. शिवाय बऱ्याच ठिकाणी 9 मार्च 2015 च्या शासन निर्णयाप्रमाणे स्वयंघोषणापत्रच पुरतं. क्लार्कना नम्रपणे विचारलं. त्यांनी साध्या कागदावरचं घेतलं. न विचारता स्टॅम्प लावून नेणारे रोज चार-पाच येतात, हेही त्यांनीच सांगितलं.

15 ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. "आता निवडणुकीनंतर." परवान्याचा आणि आचारसंहितेचा काय संबंध, हे विचारून बघितलं. संबंध असा की निम्मं ऑफिस निवडणुकीच्या कामावर. 20 नोव्हेंबरला मतदान, 23 ला निकाल, आणि मी 27 ला खिडकीवर. फाइल होती. फोटो नव्हते. तीनही. पिन सुटून कुठेतरी पडले, आणि मागे नाव लिहिलेलं नव्हतं. सापडले असते तरी कुणाचे ते कळलं नसतं. नवे काढले, साठ रुपये.

मग खरा अडथळा. अनुभवाचा दाखला तात्यांनी दिला होता, मोडीसारख्या वळणाच्या अक्षरात, खाली परवाना क्रमांक. क्लार्क म्हणाले, "यांचा परवाना 31 मार्च 2023 ला संपलाय. संपलेल्या परवान्याचा दाखला कसा चालेल?" मी म्हटलं, साहेब, मी काम केलं तेव्हा तर चालू होता. ते म्हणाले, "कशावरून?"

घरी येऊन तात्यांना सांगितलं. ते काही न बोलता आत गेले आणि पलंगाखालून पत्र्याची ट्रंक ओढली. आत पाइपच्या दुकानांची जुनी कॅलेंडरं, एक चेन पाना, आणि तागाच्या दोरीने बांधलेला गठ्ठा. सांध्याला पांढऱ्या सफेद्याबरोबर गुंडाळतात तीच ताग. गठ्ठ्यात बावीस वर्षांची नूतनीकरणं, वर्षवार. काहींवर गंजाचे डाग, एकावर चहाचा गोल. प्रत्येकाच्या पाठीमागे पेन्सिलने त्या वर्षी किती फॉर्मवर सही केली त्याचे आकडे. माझ्या अकरा वर्षांचे कागद वेगळे काढताना तात्या एकेका आकड्यावर बोट ठेवत म्हणाले, "ह्यातली निम्मी तुझी." एका वर्षी आकड्यापुढे काट होती. विचारलं तर म्हणाले, "त्या वर्साला मी खड्डं बघायचं सोडलं."

ते मला माहीत होतं. त्याच वर्षी माझ्या एका कामात गच्चीवरचा सीपीव्हीसीच्या प्लास्टिक पाइपचा सांधा पहाटे चारला निसटला होता. पाइप कापून कड न घासता सोल्युशन लावलं होतं, आणि जोडल्यावर अर्धा मिनिट दाबून धरायचा सोडून फोन घेतला होता. खालच्या खोलीतलं छत, दोन गाद्या, पोरीची पुस्तकं. मी नुकसान भरून दिलं, पण ते गिऱ्हाईक आधी तात्यांच्या दारात गेलं होतं. कारण सही त्यांची.

अकरा झेरॉक्सा जोडून 4 डिसेंबरला दिल्या. क्लार्कनी दोरीचा वळ पडलेला कागद उलटून पालटून बघितला आणि म्हणाले, "असं कुणी ठेवत नाही हो." फाइल पुढे सरकली.

डिसेंबर नुसता गेला. अभियंता दोन नगरपालिकांचा कारभार बघत होते, आठवड्यातून दोन दिवस आमच्याकडे. नगराध्यक्ष-नगरसेवक तेव्हा नव्हते, प्रशासकाचा कारभार होता, त्यामुळे ठरावाबिरावाची भानगड मात्र वाचली. मी दर मंगळवारी जायचो. रोज गेलो तर टाळतात आणि गेलोच नाही तर विसरतात, असा माझा अनुभव. पोचेचा फोटो दाखवून एकदा हळूच विचारलं, मुदत उलटली तर पहिलं अपील कुणाकडे करायचं? भांडायच्या सुरात नाही. पुढच्या मंगळवारी तोंडी परीक्षेची तारीख मिळाली.

17 जानेवारी 2025, शुक्रवार. अभियंता साहेबांच्या टेबलावर एक पितळी फेरूल, म्हणजे मुख्य लाइनमधून घराचं पाणी काढायचा जोड, पेपरवेट म्हणून ठेवलेला. तोच उचलून माझ्या हातात दिला. "मुख्य लाइनला कुठे बसवणार?" वरच्या अंगाला, तिरका, 45 अंशात. खालून घेतला तर गाळ येतो. "पुढे?" पाइपला हंसाच्या मानेसारखं वळण, गूसनेक. "कशाला? सरळ घेतला तर पाइप वाचतो की." जमीन बसली, वरून ट्रॅक्टर गेला, तर ताण फेरूलवर येत नाही, वळण तो घेतं. मग गटार आडवं आलं तर? पाण्याची लाइन वरून न्यायची, आणि वरून जाताना मोठ्या पाइपात घालून. त्यांनी कागद पुढे केला. "काढून दाखवा." मी तिरकं चित्र काढलं. मुख्य लाइन, तिच्यावर बसणारा पट्टा म्हणजे सॅडल, फेरूल, वळण, स्टॉपकॉक, मीटर. एल्बो योग्य बाजूला वळला. त्या सतरा वर्षांच्या पोराची आठवण आली.

शेवटी त्यांनी विचारलं, "दुसऱ्याच्या कामावर सही कराल?" मी थोडा वेळ गप्प बसलो. मग म्हटलं, "खड्डा उघडा असताना बघितला असेल तर." ते काही बोलले नाहीत. कागदावर काहीतरी लिहिलं आणि घंटी वाजवली.

चलन भरलं. आमच्याकडे परवाना फी एक हजार आणि अनामत पाच हजार. ही रक्कम प्रत्येक पालिकेची वेगळी असते, आधी विचारून पैशाची सोय ठेवा. अनामतीची पावती वेगळी मागून घ्या. परवाना सोडताना ती लागते. तात्यांची 2001 ची पावती त्याच ट्रंकेत होती, मात्र ते अनामत परत मागायला अजून गेलेले नाहीत.

10 फेब्रुवारी 2025 ला परवाना हातात आला. साधा ए-फोर कागद, वर फोटो, अर्धा शिक्का फोटोवर, अर्धा कागदावर. मुदत वाचली: 31 मार्च 2025 पर्यंत. पन्नास दिवसांची. परवाने आर्थिक वर्षाने चालतात, एप्रिलमध्ये काढा किंवा फेब्रुवारीत. तुमची तयारी जानेवारीत झाली असेल तर पैसे भरण्याआधी मुदतीचं विचारून घ्या. मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी मी थांबलो असतो असं वाटत नाही.

पहिली फाइल शेजारच्या आळीतली. फॉर्मवर सही केली, तारीख घातली, दिली. दुसऱ्या दिवशी परत. परवाना क्रमांक लिहायचा राहिला होता. अकरा वर्षं दुसऱ्याला ती चौकट भरताना बघितलं, आणि स्वतःची भरताना नेमकं तेच विसरलो. रबरी शिक्का बनवून घेतला, एकशे वीस रुपये. आता नाव आणि क्रमांक एकदमच उमटतात.

नूतनीकरणाला 21 मार्चला गेलो तर खिडकीवर पाणीपट्टी भरणाऱ्यांची रांग जिन्यापर्यंत. क्लार्क लांबूनच म्हणाले, "अर्ज आज द्या, कागद एप्रिलात न्या." अर्ज, जुन्या परवान्याची प्रत, थकबाकी नसल्याचा दाखला आणि पुन्हा तीन फोटो. या वेळी फोटोंच्या मागे नाव घरूनच लिहून नेलं होतं. पोचेवर तारीख पडली की नाही ते बघितलं आणि मगच रांगेतून बाहेर आलो.